अर्धं सोंग

"मावशी, तुमचं पोर पळवून नेतायत आणि तुम्ही भाजीवालीला हाक मारल्यासारखं ओरडताय," सोनकांबळे सर म्हणाले. "पुन्हा एकदा घेऊ."

"सर, माझी खिचडी चुलीवर आहे. ती खाली लागली ना, मग बघा कशी खरी ओरडते ते."

पोरं फिदीफिदी हसली. सरांनी बोट ओठावर ठेवलं. "हसू नका रे. सगळे बाजूला व्हा, सावली पडतीय तुमची. बिजली, मोबाईल नीट धर. हात हलवू नकोस."

तरसवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मी तेव्हा खिचडी शिजवायचे. नाव छबूबाई खिलारे, पण पोरांची छबूमावशी आणि गावाचा भोंगा. देवानं आवाज वाटताना माझ्या वेळी माप पालथं केलं असणार. शाळेच्या ओट्यावरून हाक दिली की माळावर गेलेली पोरं ताटं घेऊन धावत यायची. त्या आवाजापायीच सरांनी मला आईचं काम दिलं होतं. पदर तोंडावर ओढून घ्या, वय दिसणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, वय माझं मलाच दिसत नाही, मोबाईलला काय दिसणार.

सर नांदेडकडचे, तरणेताठे. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात बसलं की पोरांनी गोष्टी मोबाईलवर करायच्या. पोरं गोष्ट रचायची, फोटो काढायची, गोधडी डोक्यावर घेऊन आत आवाज भरायची, म्हणजे बाहेरचा कावळा त्यात येत नाही. मग सर सगळं मोबाईलातच जोडून द्यायचे. "फळ्यावरची गोष्ट पुसली जाते मावशी," ते म्हणायचे. "ही राहते." खरं सांगते, मला कौतुक वाटायचं. मागच्या बाकावर पेंगणारी पोरं ह्या कामाला घंटेच्या आधी हजर असायची.

त्या खेपेची गोष्ट होती अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका अशी. सातवीच्या पोरांनीच रचलेली. एक दाढीवाला येतो, लहान पोरीला लिमलेटची गोळी देतो, पोत्यात घालून चालायला लागतो. आई ओरडते. पोरं त्याला गाठतात, आणि मग तो दाढी काढून दोन शब्द सांगतो. पोत्यात जायला माझी नात आरू तयार झाली, पहिलीत होती. गोळी मिळणार म्हटल्यावर ती विहिरीत पण उतरली असती. पण दाढीवाला कोण होणार? ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, उद्या पोरीच्या सोयरिकीत कुणी हे दाखवलं म्हणजे? बाकीचे तर ऐकूनच पसार.

तेव्हा बिजली उठून उभी राहिली. "माझा बा करंल, सर. त्याचं कामच त्ये."

बिजलीचा बाप लिंबाजी माहुरे. बहुरूपी. गायरानात पालं टाकून राहिलेली माणसं, पोरीच्या शाळेसाठी दोन वर्षं तिथंच थांबलेली. लहानसर अंगाचा, गालफडं बसलेला माणूस, पण सोंग चढवलं की वाढल्यासारखा दिसायचा. कधी डॉक्टर, कधी यमराज. एकदा खाकी घालून माझ्या चुलीपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या खिचडीत खडा सापडलाय. तीनशे दोन लागलंय. चला ठाण्यावर." मी डाव घेऊन त्याच्या मागं लागले. पोरं लोळून लोळून हसली होती.

तर सरांनी पुन्हा "चालू" म्हटलं. लिंबाजी वाकून आरूजवळ बसला. बोकडाच्या केसांची दाढी, फाटकी शाल, काळं पोतं. आरूनं गोळी घेतली, त्यानं तिला अलगद पोत्यात घातली आणि खांद्यावर टाकली. आता ठरलेलं होतं की तिनं गप बसायचं. पण आत अंधार बघून पोरगी घाबरली आणि खरंच रडायला लागली. "आज्जे," म्हणून तिनं जी हाक मारली, ती माझ्या काळजात गेली. मग मी काय ओरडले, मला ठाऊक नाही. "माझं लेकरू, माझं लेकरू नेलं रे," असं काहीतरी. अनवाणी पळत सुटले, ठेच लागून पडले, मातीत हात आपटले. पाखरं उडाली चिंचेवरची.

"थांबा," सर म्हणाले.

लिंबाजीनं पोतं खाली ठेवून आधी आरूला बाहेर काढलं, तिचं नाक स्वतःच्या शालीनं पुसलं. "बाई, माझ्याच पाठीवर काटा आला," तो मला म्हणाला. "तुम्ही आमच्यात जन्मायला पायजे व्हता."

मी लाजले. ह्या वयात आणखी कोण म्हणणार होतं असं मला.

पुढचं घ्यायला गेलो तर मोबाईल भरला. मेमरी फुल्ल. सर म्हणाले, शेवट बुधवारी घेऊ.

"बुधवारी यमाचं सोंग आणतो मग," लिंबाजी म्हणाला. "पोरांस्नी आवडतंय."

"नाही नाही. हीच दाढी, हीच शाल, हेच पोतं. आजचं आणि बुधवारचं जोडलं की जोड दिसता कामा नये. तसंच्या तसं यायचं."

लिंबाजी मान खाजवत राहिला. "गुरुजी, आमच्यात एका गावात एक सोंग दुसऱ्यांदा आणत न्हाईत."

"का बरं?"

"पैल्यांदा लोक हसत्यात. दुसऱ्यांदा त्यास्नी त्ये खरं वाटाय लागतंय. माझा बाप सांगायचा."

सर हसले. "हे गाव कुठाय, लिंबाजी? ही शाळा आहे."

तो बिजलीकडं बघायला लागला. तिच्या हातात अजून मोबाईल होता, तापलेला. "बा, शेवट मी लिवलाय," ती म्हणाली. "तुलाच म्हणायचाय."

"म्हण बघू."

"हे सोंग होतं, बाळांनो. खरा येईल तेव्हा त्याला दाढी नसेल."

लिंबाजीनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "झ्याक हाय," म्हणाला. "येतो बुधवारी. अर्धं सोंग ठेवायचं न्हाय, ह्येबी आमच्यातच हाय."

त्या दुपारी सरांनी तो तुकडा पालकांच्या ग्रुपवर टाकला. हौस. पोरांनी एवढं केलंय, बघू दे आयाबापांना. खाली नीट लिहिलं होतं, की हा सातवीचा उपक्रम आहे, शेवट बुधवारी. पण लिहिलेलं वेगळं जातं आणि व्हिडिओ वेगळा जातो. कुणीतरी नुसता व्हिडिओ उचलला आणि आपल्या मेव्हण्याला पाठवला. मेव्हण्यानं आणखी कुणाला. त्याच्या पोटात काही वाईट होतं असंही नाही. बघ आमच्या गावची छबू कशी रडतीय, एवढंच असेल.

बुधवारी पिंपरणीचा बाजार. शाळेसाठी कांदे-बटाटे आणायला मी वडापच्या जीपमध्ये बसले. शेजारी परगावची एक बाई, मांडीवर लेकरू घट्ट धरून. मला म्हणाली, "बाई, घरात लहान पोरं हायत का? संभाळा. टोळी उतरलीय." आणि तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

मी बघितलं तर मीच. मातीत हात आपटणारी. आधी मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, ही मी हाय." मग तिनं खालचं लिहिलेलं वाचून दाखवलं. *पिंपरणीच्या बाजारात पोरं पळवणारी टोळी. ह्या माउलीचं लेकरू अजून सापडलं नाही. दाढीवाला दिसला की सोडू नका. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.*

माझं हसू तिथंच वाळलं. "अगं बाई, हे शाळेचं नाटक हाय. माझीच नात हाय ती. घरी भाकरी खातीय."

ती माझ्याकडं तोंड वासून बघत राहिली आणि हळूच पलीकडं सरकून बसली.

माझ्याकडं बटनाचा फोन होता. सरांना लावला. सर म्हणाले, "मावशी, माझ्या बहिणीनं पण पुण्याहून हाच पाठवलाय आत्ता. मी पोलिसांना कळवतो, ग्रुपवर लिहितो. लिंबाजी कुठंय, त्यांना आज बाहेर पडू देऊ नका."

फोनमध्ये सरांच्या मागून बिजलीचा आवाज आला. "बा बाजारात गेलाय, सर."

"दाढी?"

"लावूनच गेलाय. डिंक वाळाय येळ लागतोय, म्हणून सकाळीच लावली. पोरांस्नी वाटाय गोळ्या आणतो म्हणाला, मग तसाच शाळंत येतो."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "दाब गाडी. माणूस मरंल."

बाजारात उतरले तेव्हाच ऐकू आलं. भांडणाचा आवाज वरखाली होतो, मधे शिव्या असतात, कुणी समजावत असतं. हा तसा नव्हता. हा सगळा एकच सूर होता. भाज्यांची दुकानं उघडी टाकून माणसं शेळ्यांच्या बाजाराकडं पळत होती. मीही पळाले. कोपरानं, गुडघ्यानं वाट काढली, एकाच्या तंगडीवर पाय दिला.

लिंबाजी शेळ्या बांधायच्या खुंटाला होता. त्याच्याच शालीनं हात बांधले होते. डोळ्यांत कुणीतरी मिरचीपूड टाकली होती, दोन्ही डोळे लालभडक फुगले होते आणि उघडत नव्हते. एक जण तराजूच्या दांडीनं त्याच्या नडगीवर मारत होता. एक बाई चप्पल घेऊन तोंडावर मारत होती आणि रडत होती, तिच्या कमरेला पोर होतं. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वाळलेली काटकी मोडते, तेवढाच असतो. पोतं उलटं केलेलं, आणि लिमलेटच्या गोळ्या लेंड्यांत सांडलेल्या.

"हे बघा, गोळ्या," कुणीतरी ओरडत होतं. "अजून काय पुरावा पायजे?"

लिंबाजी एकच बोलत होता. "सोंग हाय मालक. सोंग हाय."

"बघा, कबूल करतोय. सोंग घेऊन आलोय म्हणतोय." आणि पुन्हा दांडी.

पुढं तात्या शेंडगे उभे होते. माझ्या घरचं दळण ज्यांच्या गिरणीत व्हायचं ते तात्या. लेकरांना कधी रिकाम्या हातानं पाठवायचे नाहीत, शेंगदाणे द्यायचे मूठभर. त्यांच्या हातात लोखंडी वजन होतं.

मी त्यांचा दंड धरला. "तात्या, हा लिंबाजी हाय. बहुरूपी. तुमच्या दारात पोलीस होऊन आलेला. तुम्ही पायलीभर धान्य दिलं व्हतं त्याला."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं त्यांनी मला. पण त्यांचे डोळे त्यांचे नव्हते. "छबूबाई, बाजूला हो. तुला काय म्हाईत? सोंग घेऊनच येत्यात हे."

"अहो, व्हिडिओतली बाई मी हाय. पोरगी माझी नात हाय."

एक पिवळ्या शर्टातला पोरगा होता, मिशा नुकत्या फुटलेल्या. त्यानं मोबाईल काढला, व्हिडिओ लावला, एकदा त्यात बघितलं, एकदा माझ्याकडं. "ती बाई एवढी म्हातारी न्हाय," तो म्हणाला. "किती खाल्लंस गं, म्हातारे?" आणि त्यानं मला मुस्काटात मारली. माझा एक दात हलला, तोंडात खारट झालं. आईच्या वयाची बाई, म्हणून कुणी त्याचा हात धरला नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं चोर मुळात जन्मालाच आला नव्हता.

मला मग एकच सुचलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चेहरा ओळखत नाहीत, पण आवाज ओळखतील. दोन दिवस तोच आवाज ह्या सगळ्यांनी ऐकलाय, शंभर वेळा ऐकलाय. तो आवाज माझाच आहे हे कळलं तर नाटक होतं हे कळेल. मी डोळे मिटले, आरूची ती हाक आठवली आणि ओरडले. "माझं लेकरू, माझं लेकरू नेलं रे."

तस्साच निघाला. एका कानामात्रेचा फरक नाही.

पिवळ्या शर्टाचा हात खाली आला. "आयला," तो म्हणाला. "ह्योच आवाज." तराजूची दांडी घेतलेलाही थांबला. पुढच्या रांगेत शांतता झाली. मला वाटलं, सुटला. खरंच वाटलं मला. मी खाली वाकून शालीच्या गाठीला हात घातला.

पण माझा आवाज. तो कुठं पुढच्या रांगेपुरता होता? तो भाजीबाजारात गेला, कापडाच्या पालांत गेला, एस्टीच्या थांब्यावर गेला. आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "आई आली! पोरीची आई आली!" दुसरा ओरडला, "तिनं वळखला त्याला!" जी माणसं इतका वेळ नुसती बघायला उभी होती ती आत घुसली. मागचे पुढच्यांना ढकलत होते, पुढचे आमच्यावर पडत होते. मी म्हणत होते, अरे तसं न्हाय, तसं न्हाय. माझा आवाज त्यात मलाच येईना.

तेवढ्यात लिंबाजीचा एक हात सुटला. मला वाटलं, तो तोंड झाकून घेईल. त्यानं दाढीला हात घातला. डिंक पक्का बसलेला. त्यानं ओढली, ती येईना, पुन्हा ओढली. अर्धी दाढी कातडीसकट हातात आली. खालचा चेहरा उघडा पडला, बसक्या गालफडांचा, साधा. तो आमच्याकडं तोंड करून गुडघ्यावर बसला. खेळ संपला की बहुरूपी बसतो, तसाच. सुटलेला हात कपाळाला लावला. डोळ्यांनी दिसत नव्हतंच त्याला. फुटलेल्या ओठांनी तो म्हणाला, "हे सोंग होतं, बाळांनो. खरा येईल तेव्हा त्याला..."

तात्यांचा हात थांबलेला मी पाहिला. देवाशपथ सांगते, थांबला होता. पण मागून रेटा आला, की तात्यांनी खाली आणला, मला सांगता येणार नाही. वजन कानामागं बसलं. मग दांडी. मग सगळेच.

पोलिसांची गाडी आली तेव्हा पाखरं उडावीत तशी माणसं उडाली. आणि तुम्हाला सांगते, थोड्या वेळानं बाजार पुन्हा भरला. मेथीची जुडी केवढ्याला, म्हणून एक बाई विचारत होती. तिच्या चपलेला रक्त होतं. तीच चप्पल, तीच बाई. मी तिच्या अंगावर गेले. पोलिसानं मला धरून बाजूला केलं.

ज्या वडापानं आले त्याच वडापात त्याला घातलं. ड्रायव्हर म्हणाला, सीटा खराब व्हतील. मी त्याला जे बोलले ते इथं सांगत नाही. त्यानं गाडी काढली. लिंबाजीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पातळ भिजून मांडीपर्यंत ओल आली. अर्धी दाढी अजून गालावर लोंबत होती, ती मी काढायला गेले तर त्यानं मान हलवली.

"बाई," तो म्हणाला. मी कान खाली नेला.

"शेवट राहिला."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला आणि माझ्याकडं बघून चादर मागवली.

पुढं पोलीस आले. कुणी मारलं? मी तात्यांचं नाव सांगितलं, पिवळ्या शर्टाचं वर्णन सांगितलं, चपलेवालीचं सांगितलं. काही जणांना धरलं, ते जामिनावर सुटले. तारखा पडतात. गावातले शहाणे मला सांगायला यायचे, "छबूबाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही ओरडला नसता तरी तो मेलाच असता." मी त्यांना म्हणायचे, मी कुठं म्हणतेय माझी चूक म्हणून? हात त्यांचे, दांडी त्यांची, वजन त्यांचं. मी कशाला मान खाली घालू? असले समजूत घालणारे भेटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अजून होतो.

सर शाळेत यायचे, फळ्यावर गणितं लिहायचे, पुसायचे. मोबाईल खिशातून काढत नव्हते. बदलीचा अर्ज दिलाय असं कानावर आलं. सरांना काही बोलायची माझी इच्छा नव्हती. चांगला माणूस, पण त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर बिजली शाळेत आली. केस कापलेले, डोळे कोरडे. खिचडी वाढत होते मी. ती थेट वर्गात गेली आणि सरांच्या टेबलावर एक फडकं सोडलं. आत दाढी होती. धुतलेली, विंचरलेली. एका बाजूचा तुकडा नव्हता, तिथं तिनं दुसरे केस शिवले होते.

"सर, शेवट घ्यायचाय," ती म्हणाली.

सर उठून उभे राहिले. "बिजली, नको बाळा. तो व्हिडिओ मी काढून टाकलाय सगळीकडून. आता ते नाव पण नको."

"तुम्ही काढला. लोकांनी काढलाय का?"

सरांनी फडक्याची टोकं दाढीवर परत ओढली.

"आमच्यात अर्धं सोंग ठेवत न्हाईत," ती म्हणाली. "बाचं अर्धं राहिलंय. मी करते."

"तुला कोण करायला लावतंय हे?"

"कुणी न्हाय. जोड दिसणार न्हाय, सर. मी बघितलंय सगळं. शाल तीच हाय. दाढी तीच हाय."

सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला. "मावशी, तुम्ही धरा. माझ्यानं धरवणार नाही." बटण कुठलं दाबायचं ते पोरांनी दाखवलं.

चिंचेखाली उभी राहिली ती. शालीवरचे डाग गेले नव्हते, तिनं घालवलेही नव्हते. वर्गातल्या पोरांनी तिला घेरलं, जसं ठरलं होतं तसं. कुणी तिला हात लावेना. मग तीच म्हणाली, "धरा की रे," तेव्हा एकानं शालीचं टोक धरलं. तिनं दाढी काढली. खाली बारा वर्षांची पोर. हात कपाळाला लावून ती माझ्याकडं, म्हणजे मोबाईलकडं बघून म्हणाली, "हे सोंग होतं, बाळांनो. माझ्या बाचं. खरा येईल तेव्हा त्याला दाढी नसेल. तो तुमच्या ओळखीचा असेल."

माझा हात हलला. तेवढं त्या व्हिडिओत हललेलं दिसतं.

सरांनी ते जोडलं, आणि जोड खरंच दिसत नाही. त्याच ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी बघितलं. हात जोडलेली चित्रं पाठवली, रडणारी तोंडं पाठवली. पुढं कुणी पाठवलं नाही.

आता बिजली तालुक्याला लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करते. सर बदलून गेले, वर्षातून एकदा फोन येतो. मी अजून शाळेतच आहे. पोरांना जेवायला हाक मारत नाही, ताटावर डाव वाजवते. नवी पोरं म्हणतात, मावशी किती हळू बोलते.

पहिला तुकडा अजून फिरतो. कधी त्याच्याखाली दुसऱ्या बाजाराचं नाव असतं, कधी दुसऱ्या जिल्ह्याचं. मागच्या दिवाळीत माझ्या भाचीच्या सासरी आला होता, तिनं मलाच पाठवला, आत्या लेकरं सांभाळा म्हणून. माझाच आवाज, मलाच सावध करायला. अजून त्या माउलीचं लेकरू सापडलेलं नाही. आरू ह्या वर्षी बारावीला आहे.

बिजलीनं मला मोठा मोबाईल घेऊन दिला. मला त्यातलं काही येत नाही, फोटोही धड निघत नाही. एकच गोष्ट तिनं बसून शिकवलीय, पुन्हा पुन्हा करून घेतलीय. पहिला तुकडा कुठूनही आला की त्याच माणसाला शेवट उलट पाठवायचा. मग मी ओट्यावर बसून बघत राहते. खुणा निळ्या होतात, म्हणजे त्यानं बघितलं. कालही एक आला होता, कुठल्याशा अनोळखी नंबरवरून. मी शेवट पाठवला आणि तांदूळ निवडायला घेतले.